विश्लेषण : कोकणच्या सड्यावरील रानफुलांना नाव देणारा जकात अधिकारी कोण होता?

पाऊस स्थिरावला की आंजर्ल्याच्या कड्यावर गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांपैकी काहींची पावले परतताना रेंगाळतात. खाली जोग नदीचे मुख, समोर समुद्र, लांब सुवर्णदुर्ग. आणि पायाखाली उन्हाळ्यात तापलेला काळा-तांबडा जांभा, ज्याच्यावर आता बोटभर उंचीची हिरवळ आणि तिच्यात पांढरे, निळे, पिवळे ठिपके. कोणी वाकून फोटो काढतो, कोणी फोनमधील ॲपला फुलाचे नाव विचारतो. पडद्यावर लॅटिन नाव येते आणि कोकणातील बऱ्याच फुलांच्या बाबतीत त्या नावाच्या शेवटी आणखी एक शब्द असतो : डॅलझेल.

हा शब्द फुलाचे वर्णन करणारा नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्याच्या जकात खात्यात नोकरी करताना त्याने या किनाऱ्यावरील आणि सह्याद्रीतील अनेक रानफुले शास्त्राला पहिल्यांदा ओळखून दिली. निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांचे काम काय होते, ते कसे झाले आणि आज सड्यावर उभे राहून फूल ओळखणाऱ्याला त्याचा काय उपयोग, याविषयी...

निकोल डॅलझेल कोण होते?

डॅलझेल यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. एडिंबरा विद्यापीठातून १८३७ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी घेतली. १८४१ मध्ये ते मुंबईत दाखल झाले ते जकात खात्यातील साहाय्यक आयुक्त म्हणून. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत वनस्पतींचा अभ्यास करणारे बहुतेक जण डॉक्टर असत. औषधी वनस्पती ओळखणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. डॅलझेल डॉक्टर नव्हते आणि वनस्पती ओळखणे हे त्यांच्या नोकरीचे कामही नव्हते. पगार मिळत होता तो बंदरांतून ये-जा करणाऱ्या मालावरील कर वसुलीसाठी.

पण या नोकरीचा एक फायदा होता. मुंबई इलाख्याच्या जकातीचा मोठा भाग किनाऱ्यावरील लहान-मोठ्या बंदरांशी जोडलेला होता. कोकणातील प्रत्येक खाडीच्या तोंडाशी गलबते लागत. ज्याला वनस्पतींची ओढ आहे, त्याच्यासाठी हा किनारा म्हणजे उघडे पुस्तक होते. खाडीकाठचे खारफुटीचे पट्टे, पुळणीवरील वेली, पाण्यावर झुकलेले डोंगर आणि माथ्यावरचे सडे, असे चार-पाच प्रकारचे अधिवास अर्ध्या दिवसाच्या चालीत पाहता येत.

त्यांच्याआधी येथील फुलांची माहिती किती होती?

फारच थोडी. मलबार, मद्रास, बंगाल या भागांतील वनस्पतींवर तोवर मोठे ग्रंथ झाले होते. पश्चिम भारत मागे होता. मुंबईचे टपाल अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी तयार केली. ती १८३९ मध्ये छापली गेली; मात्र त्याच वर्षी खंडाळ्यात ग्रॅहॅम यांचे निधन झाले आणि उरलेले काम त्यांचे सहकारी जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केले. ही यादी मोलाची होती. पण यादी म्हणजे यादीच. एखादे अनोळखी फूल हातात घेऊन तिच्यात ते शोधायचे तर वर्णन लागते. पाने कशी, पाकळ्या किती, फळ कोणते, हे त्या यादीत बहुतेक ठिकाणी नव्हते.

म्हणजे १८४०च्या दशकात कोकणात एखाद्याला नवे फूल दिसले, तर ते खरोखर नवे आहे की दुसरीकडे आधीच वर्णिलेले आहे, हे सांगायला जवळ काहीच नव्हते. वनस्पतीचा नमुना कागदांत दाबून वाळवायचा, सोबत ताज्या फुलावरून टिपलेली नोंद ठेवायची आणि जहाजाने इंग्लंडला क्यू येथील उद्यानाकडे पाठवायची, हा मार्ग होता. तेथे विल्यम हूकर संचालक होते. वनस्पतिशास्त्राची नियतकालिकेही ते चालवत. हूकर यांच्या अशाच एका नियतकालिकात १८५०पासून डॅलझेल यांची पश्चिम भारतातील वनस्पतींवरील लेखमाला येऊ लागली. एकामागून एक नव्या जाती, काही नव्या प्रजाती तीत प्रसिद्ध झाल्या.

सडा म्हणजे नेमके काय आणि तिथेच ही फुले का?

जांभ्याचा सपाट किंवा किंचित उताराचा उघडा माथा म्हणजे सडा. जांभा हा पाऊस आणि उष्णता यांच्या आलटून-पालटून माऱ्याने मूळ खडक झिजून तयार झालेला, लोहाचे प्रमाण जास्त असलेला सच्छिद्र दगड. घराच्या भिंतींसाठी त्याचे चिरे काढतात म्हणून तो कोकणात घरोघरी माहीत आहे. सड्यावर माती नसतेच म्हटले तरी चालेल. खाचखळग्यांत चार-सहा बोटे साठते तेवढीच. उन्हाळ्यात पाय भाजेल इतका दगड तापतो आणि पावसाळ्यात तोच सडा आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहतो.

अशा जागी मोठी झाडे टिकत नाहीत. टिकतात त्या दोन प्रकारच्या वनस्पती. पहिल्या, जमिनीखाली कंद ठेवून आठ महिने झोपणाऱ्या आणि पहिल्या पावसाबरोबर घाईने फुलणाऱ्या. दुसऱ्या, चार महिन्यांत बीपासून बीपर्यंतचे सगळे आयुष्य उरकणाऱ्या. पाणी सतत वाहून जात असल्याने येथील मातीत नत्र कमी असते. म्हणून दवबिंदूसारख्या आणि सीतेच्या आसवांसारख्या कीटकभक्षी वनस्पतीही येथेच दिसतात. या कठीण जागेशी जुळवून घेतलेल्या अनेक जाती जगात दुसरीकडे कोठेही आढळत नाहीत. जून-जुलैत कंदवर्गीय आणि जमिनीवरील आमरी, त्यानंतर गेंद आणि सीतेची आसवे, भाद्रपदात कवला आणि तेरडा असा हा क्रम असतो. दहा-पंधरा दिवसांनी त्याच जागी गेले तर दुसरीच फुले भेटतात.

डॅलझेल यांनी कोणती फुले ओळखून दिली?

यादी लांब आहे. त्यातील काही उदाहरणे पाहिली तरी त्यांच्या नजरेची कल्पना येते.

पहिले दीपकाडी. पहिल्या पावसानंतर रत्नागिरी परिसरातील सड्यांवर कांद्यासारख्या कंदातून एक सरळ दांडा वर येतो आणि त्यावर घंटेच्या आकाराची पांढरी, सुवासिक फुले येतात. डॅलझेल यांनी १८५० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जातीच्या नावात कोकण घातले : कोंकनेन्से, म्हणजे कोकणातील. तिच्या प्रजातीचे डिपकाडी हे नाव अठराव्या शतकापासून युरोपीय वनस्पतिशास्त्रात आहे. कोकणी जिभेवर त्याचे सहज दीपकाडी झाले आणि काडीवर दिवे लावल्यासारख्या दिसणाऱ्या या फुलाला ते शोभूनही दिसले.

दुसरी एक आमरी, म्हणजे ऑर्किड. हॅबेनारिया प्रजातीतील ही आमरी झाडावर नाही, जमिनीवर वाढते. तिची फुले पांढरी. या प्रजातीत पांढऱ्या फुलांच्या जाती इतक्या, की नवखा माणूस गोंधळतो. डॅलझेल यांनी तिला सुआविओलेन्स, म्हणजे गोड वासाची, असे नाव दिले. हेही १८५० मधलेच.

तिसरे सीतेच्या आसवांच्या गोतातील युट्रिक्युलारिया. ओल्या सड्यावर बोटभर दांड्यावर येणाऱ्या या फुलात निळा आणि पांढरा असे दोन रंग. त्यांनी नाव दिले अल्बोसेरुलिया, म्हणजे पांढरे-निळे. तिच्या मुळांसारख्या भागांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि पाण्यातील सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात.

कवल्याच्या दोन जातींची नावे तर ओळखण्याची खूणच सांगतात. बायजेमिना म्हणजे दोन जोड्यांची. पानात पर्णिकांच्या दोन जोड्या असतात. सेट्युलोसा म्हणजे बारीक राठ केस असलेली.

आणखी एक फूल आज लाखो पर्यटकांच्या कॅमेऱ्यात आहे. सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कास पठारावर पांढऱ्या छत्र्यांसारखे फुलोरे डोलतात. त्या वनस्पतीला आज पिंडा कोंकनेन्सिस म्हणतात. तिचे पहिले वर्णन डॅलझेल यांचे आणि नावातील कोकणही त्यांचेच.

या नावांतून त्यांच्या पद्धतीबद्दल काय कळते?

वनस्पतीचा नमुना दाबून वाळवला की बरेच काही टिकते. पानाचा आकार, शिरा, केस, फळ, बी हे शंभर-दोनशे वर्षांनीही तपासता येते. पण तीन गोष्टी हातातून जातात. वास उडतो, रंग विटतो आणि ती वनस्पती कोणत्या दगडावर, कोणत्या ओलीत, कोणाच्या शेजारी उभी होती हे चिठ्ठीवर लिहिले नाही तर कायमचे हरवते.

वर दिलेली नावे पुन्हा पाहावीत. एकात वास आहे, एकात रंग आहे, दोनांत जागा आहे. म्हणजे ज्या गोष्टी वाळलेल्या नमुन्यात उरणार नव्हत्या, त्याच त्यांनी नावात बांधून ठेवल्या. लंडनमध्ये बसून वाळलेल्या नमुन्यांवर नावे देणाऱ्याला हे शक्य नव्हते. गोड वासाची ही आमरी ज्याने ओणवे होऊन हुंगली, त्यालाच ते नाव सुचले असणार. वनस्पती तिच्या जागी उभी असताना ओळखणे म्हणजे काय, याचा धडा या चार शब्दांत आहे.

शास्त्रीय नावाच्या शेवटी कंसात डॅलझेल का असते?

फुलांचे फोटो टाकणाऱ्यांना हा प्रश्न नेहमी पडतो. दीपकाडीचे पूर्ण नाव डिपकाडी कोंकनेन्से (डॅलझेल) बेकर असे लिहितात. याचा अर्थ असा : या जातीचे पहिले वर्णन डॅलझेल यांनी केले, पण त्यांनी ती दुसऱ्या प्रजातीत, युरोपेटॅलममध्ये, घातली होती. पुढे इंग्लंडमधील जॉन बेकर यांनी ती डिपकाडी प्रजातीत हलवली. पहिल्याचे नाव कंसात राहते, हलवणाऱ्याचे कंसाबाहेर येते. जेथे डॅलझेल हे नाव कंसाशिवाय आहे, तेथे त्यांनी ठरवलेली प्रजाती आजही मान्य आहे.

कास पठारावरील पिंडाची गोष्टही अशीच. डॅलझेल यांनी ती हेराक्लियम प्रजातीत वर्णिली होती. शंभराहून अधिक वर्षांनी, १९८६ मध्ये, अभ्यासकांनी तिच्यासाठी पिंडा ही स्वतंत्र प्रजाती केली. कोंकनेन्सिस हा शब्द मात्र तसाच राहिला. प्रजाती बदलू शकते, पण जातीचे पहिले वैध नाव जपायचे, हा नियम आहे. त्यामुळे नाव हा वनस्पतीचा जन्मदाखला ठरतो. ती प्रथम कोणी, कधी, कोठून नोंदवली, याचा माग त्यावरून काढता येतो.

लोकांकडे मराठी नावे असताना लॅटिन नावाची गरज काय?

मराठी नावांत निरीक्षण असते आणि गोडवाही. पण ती गावागणिक बदलतात. सीतेची वेणी आणि द्रौपदीची वेणी ही नावे झाडांवर वाढणाऱ्या वेगवेगळ्या आमरींना दिली जातात आणि एका तालुक्यातील सीतेची वेणी दुसऱ्या तालुक्यात द्रौपदीची होते. सीतेची आसवे हे नाव तर निळ्या-जांभळ्या युट्रिक्युलारियांच्या अनेक जातींना सरसकट चालते. कवला म्हणून पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात ती जात वेगळी आणि पठारावर पिवळी फुले मिरवणारी जात वेगळी असू शकते.

रोजच्या व्यवहारात याने फारसे बिघडत नाही. पण एखादी जात फक्त एवढ्याच पट्ट्यात आहे, ती कमी होत आहे, तिला संरक्षण हवे, असे म्हणायचे असेल तर आपण नेमकी कोणाबद्दल बोलत आहोत हे ठरावे लागते. त्यासाठी एकच, जगभर चालणारे नाव लागते. स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव ही दोन्ही सोबत नोंदवणे ही उत्तम रीत.

‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ महत्त्वाचा का?

फुटकळ लेखांतून नव्या जाती प्रसिद्ध करणे एक आणि एका प्रदेशातील सगळ्या वनस्पतींचे वर्णन एका ग्रंथात देणे दुसरे. हे दुसरे काम डॅलझेल यांनी डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर केले. गिब्सनही स्कॉटिश. ते पेशाने शल्यचिकित्सक, पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक आणि १८४७पासून मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. जुन्नरजवळ हिवरे येथील औषधी वनस्पतींची बागही त्यांच्या देखरेखीखाली होती.

दोघांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. इलाख्यात तोवर सापडलेल्या सर्व देशी वनस्पतींची थोडक्यात वर्णने आणि बाहेरून आणून लावलेल्या वनस्पतींची वेगळी पुरवणी असे त्याचे स्वरूप होते. मूळची आणि आणलेली असा भेद करण्याची ही दक्षता लक्षात घेण्याजोगी आहे. चित्रे नाहीत, वर्णने आखडती. तरी आता पहिल्यांदाच हातात फूल घेऊन पुस्तकात ते शोधता येणार होते. पुढे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही महाराष्ट्रातील अभ्यासक तो वापरतात आणि त्यात पानोपानी डॅलझेल-गिब्सन यांचा हवाला आहे. आपल्या सहकाऱ्याची आठवण डॅलझेल यांनी एका निळ्या रानफुलात ठेवली. कोरांटीच्या गोतातील त्या वनस्पतीचे नाव बार्लेरिया गिब्सनी.

वनसंरक्षक म्हणून त्यांनी काय केले?

जकात खात्यातून डॅलझेल वनखात्याकडे वळले. काही काळ त्यांनी सिंधमध्ये काम केले आणि १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला, गिब्सन यांच्यानंतर, ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. तो रेल्वेच्या विस्ताराचा काळ होता. रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी, इंजिनांच्या जळणासाठी आणि जहाजांसाठी सह्याद्रीतील जंगल झपाट्याने तोडले जात होते.

अशा वेळी, १८६३ मध्ये, डॅलझेल यांनी जंगलांच्या परिणामांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. डोंगरावरील झाडे गेली की खालच्या प्रदेशाचे पाऊसपाणी, झरे आणि माती यांवर परिणाम होतो, हा विचार त्यांनी सरकारपुढे मांडला. आज हे शाळेतील मूल सांगेल. तेव्हा भारतात हा मुद्दा अधिकृतपणे मांडणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते.

त्याची दुसरी बाजूही आहे. वनखात्याची उभारणी झाली ती सरकारला लाकडाचा पुरवठा टिकून राहावा या हेतूने. जंगल राखताना डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या आणि जंगलावर जगणाऱ्या समाजांवर निर्बंध आले, राब आणि जळण यांवरून तंटे झाले. फुलांवर प्रेम करणारा अधिकारी ज्या व्यवस्थेचा भाग होता, ती व्यवस्था डोंगरातील माणसांना कोरडी होती. डॅलझेल यांचे मोठेपण मान्य करतानाही हे विसरता येत नाही.

फ्रेरियाची गोष्ट काय आहे?

वनसंरक्षक असतानाच, १८६५च्या सुमारास, डॅलझेल यांनी जुन्नरच्या डोंगराळ भागातील एका वनस्पतीसाठी नवी प्रजातीच स्थापन केली. माकडशिंगीच्या नात्यातील, पण मांसल पाने असलेली ही वनस्पती कड्यांच्या कपारीत वाढते. तिच्या तपकिरी-जांभळ्या, चांदणीसारख्या फुलावर पिवळे ठिपके असतात. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून त्यांनी तिला फ्रेरिया इंडिका नाव दिले. मराठीत ती शिंदळ माकुडी. महाराष्ट्राबाहेर ती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवरूनच तिची नोंद आहे.

अलीकडच्या संशोधनानंतर तिला सेरोपेजिया या मोठ्या प्रजातीत सामावून घ्यावे, असे मत पुढे आले. तरी संवर्धनाचे काम करणाऱ्यांच्या तोंडी फ्रेरिया हेच नाव आहे. ती दुर्मीळ आहे हे कळले, कारण ती वेगळी आहे हे आधी कोणीतरी ओळखले होते.

या शोधांचे सगळे श्रेय त्यांचेच का?

कागदोपत्री हो, प्रत्यक्षात नाही. अनोळखी मुलखात कोणत्या महिन्यात, कोणत्या कड्यावर काय फुलते हे बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला कोण सांगणार? कातकरी, ठाकर, धनगर, गुराखी, वैदू आणि बंदरावरचे शिपाई यांची माहिती आणि पाय यांच्याशिवाय असा एकही ग्रंथ झाला नसता. नमुने खणणारे, वाळवणारे, वाहून नेणारे हातही येथलेच. त्यांची नावे ग्रंथांत आली नाहीत. दापोडीच्या उद्यानातील वनस्पतींची देखणी चित्रे गिब्सन यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. आज ती एडिंबरा येथील उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

हे चित्र पुढे हळूहळू बदलले. सोनघंटा या देखण्या रानफुलाला १८९०च्या दशकात अब्युटिलॉन रानडेई असे नाव मिळाले, ते एन. बी. रानडे या मराठी वनस्पती-संग्राहकावरून. मालवणात १८८४ मध्ये जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. आज त्या संशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे. ज्या किनाऱ्यावर एका परदेशी अधिकाऱ्याने नावे दिली, त्याच किनाऱ्याचा मुलगा पुढे या शास्त्राचा आधारस्तंभ झाला.

डॅलझेल यांचे पुढे काय झाले?

ते १८७० मध्ये निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात एडिंबरा येथे त्यांचे निधन झाले. वय साठीच्या आसपास. त्यांच्या हयातीतच रॉबर्ट वाइट यांनी एका प्रजातीला डॅलझेलिया असे नाव दिले होते. ओढ्या-नद्यांच्या वाहत्या पाण्यात खडकाला शेवाळासारखी घट्ट चिकटून राहणारी ही सपुष्प वनस्पती पाणी ओसरले की चिमुकली फुले धरते. सह्याद्रीतील पिवळ्या तेरड्याची एक जात इम्पेशन्स डॅलझेली आहे. झाडाच्या खोडावर चपट्या कंदांनी चिकटून राहणारी, पावसात बारीक पांढरट फुलांचा तुरा काढणारी एक आमरीही त्यांच्या नावाने ओळखली जाते : एरिया डॅलझेली. खडकाला, खोडाला बिलगून राहणाऱ्या, सहज डोळ्यांत न भरणाऱ्या या वनस्पती. त्यांच्या कामाला साजेशाच.

आज सड्यावरील फूल ओळखायचे कसे?

डॅलझेल यांची रीत आजही लागू आहे, फक्त साधने बदलली. आधी जागा पाहावी. उघडा जांभा, पाणी साचलेला खळगा, गवताळ उतार, की झाडाचे खोड? मग तारीख लिहावी, कारण आठवड्यांच्या फरकानेही ओळख सोपी होते. फक्त फुलाचा जवळून फोटो पुरत नाही. पूर्ण झाड, पानांची मांडणी, फुलाची बाजू आणि मागचा भाग, फळ असल्यास फळ, असे चार-पाच फोटो हवेत. जमिनीवरील आमरींत फुलाच्या मागे लोंबणारी मधाची नळी किती लांब, ओठासारखी पाकळी किती भागांत चिरलेली आणि पाने जमिनीला टेकलेली की दांड्यावर चढलेली, यावर बरेच ठरते. मोजण्यासाठी शेजारी बोट किंवा नाणे ठेवावे. वास घ्यावा आणि शब्दांत लिहून ठेवावा. तो कोणताही कॅमेरा टिपत नाही.

ॲपने सुचवलेले नाव ही सुरुवात समजावी, निकाल नव्हे. सड्यावरच्या दुर्मीळ जातींचे फोटो अशा ॲपकडे कमी असतात, त्यामुळे ते जवळच्या सामान्य जातीचे नाव देण्याचा संभव असतो. स्थानिक वनस्पती-सूचीशी ताडून पाहणे आणि जाणकाराला दाखवणे हा खात्रीचा मार्ग.

आणि फूल उपटू नये. जमिनीवरील आमरीच्या मुळाशी बहुधा दोन कंद असतात : एक यंदाच्या फुलावर खर्च होणारा, दुसरा पुढच्या वर्षासाठी भरणारा. झाड उपटले की दोन्ही जातात. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि जमिनीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रुजत नाही. म्हणून घरच्या कुंडीत आणलेली रानातली आमरी सहसा जगत नाही. आमरीचे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या सूचीत आहे.

पावणेदोनशे वर्षांनंतर या नोंदींचा उपयोग काय?

सरकारी दप्तरात सडा बहुधा पडीक जमीन असतो. झाडी नाही म्हणून जंगल नाही, पीक नाही म्हणून शेत नाही. त्यामुळे चिऱ्यांच्या खाणी, सुरुंग लावून केलेल्या आंबा-काजूच्या बागा, रस्ते आणि बंगल्यांचे प्लॉट यांसाठी सड्याची निवड सोपी ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पाहणी केली तर तेथे काळा दगड आणि वाळके गवत याखेरीज काही दिसतही नाही. कंद तेव्हा जमिनीखाली असतात.

अशा वेळी जुनी नोंद साक्षीला येते. १८५० मध्ये या किनाऱ्यावरून वर्णिलेली जात आजही त्याच प्रकारच्या सड्यावर उभी असेल, तर ती जमीन पडीक कशी, हा प्रश्न विचारता येतो. कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांत झाला आणि ते नावारूपाला आले. कोकणातील सड्यांकडे अलीकडे लक्ष गेले ते कातळशिल्पांमुळे. त्या शिल्पांच्या रेषांशेजारच्या मातीत फुलणाऱ्या दीपकाडीकडे, आमरींकडे आणि सीतेच्या आसवांकडे तेवढे लक्ष अजून जायचे आहे.

त्यासाठी प्रत्येकाने वनस्पतिशास्त्रज्ञ होण्याची गरज नाही. डॅलझेलही नोकरीने जकात अधिकारीच होते. गावच्या सड्यावर कोणत्या महिन्यात काय फुलते, त्याला गावात काय म्हणतात आणि गेल्या वर्षीपेक्षा ते कमी झाले की जास्त, एवढी वही शाळेतील मुले, शिक्षक, गुराखी, होमस्टेचे मालक मिळून ठेवू शकतात. एखाद्या सड्यावर जेसीबी येण्याआधी ती वही तयार असेल, तर तेथे काय होते हे सांगायला निदान पुरावा असेल.